काळी एकवरचा कुंकवाचा ठिपका

खाण बंद पडली, पाठोपाठ मीही निवृत्त झालो, आणि एकसष्टाव्या वर्षी धारगळहून डिचोलीला गिटार शिकायला जाऊ लागलो. शिकवणारे मेस्त माझ्याच वयाचे, जन्मभर चर्चमध्ये वाजवलेले. बायको म्हणाली, "बरा झाला. आता डिचोलीच्या लोकांकय तुमचा ग्यान कळतला."

तसा मी अगदीच नवखा नव्हतो. चवथीच्या आरतीला घरची पेटी गेली तीस वर्षं मीच वाजवतो. वडिलांनी तिच्या काळी एक या पट्टीवर कुंकवाचा ठिपका लावून ठेवला होता. तो सा. दर चवथीला ठिपका ताजा व्हायचा, सा तिथेच. आम्हा पुरुषांची त्यात सोय होती. बायको मात्र खाली गायली तर पुटपुटल्यासारखी, वर गेली तर किंचाळल्यासारखी. लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला मी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "तू बेसूर. टाळ वाजय." तिने मुकाट्याने टाळ उचलला.

मेस्तांनी मेजर स्केल, म्हणजे त्यांचं सारेगम, काढली. गिटारच्या दांड्यावर बोट ठेवायचं आणि मोजत पुढे जायचं: दोन घरं, दोन घरं, एक घर, मग दोन, दोन, दोन, एक. खाणीच्या काट्यावर ट्रक मोजण्यात जन्म गेलेला, मोजणी मला जमली. पण ठिपका दिसेना.

"मेस्त, हातूंत सा खंय?"

ते पोट धरून हसले. "सा म्हळ्यार भाड्याचें घर. खंयूय व्हर."

म्हणजे सा हवा तिथे हलवायचा, बाकीचे सूर सामान उचलून मागून येतात. एवढाच सिद्धांत. माझ्या डोक्यात तो शिरायला चार महिने लागले.

एका सकाळी बायको स्वयंपाकघरात आरती गुणगुणत होती. मी बाहेर बसून गिटारवर तिचा सा शोधला. पेटीच्या हिशेबाने पांढरी पाच. तिच्यामागून एकेक सूर मोजत गेलो. एकही घर चुकलं नाही. चुकावं अशी माझी फार इच्छा होती.

मला लाज वाटली. आत जाऊन म्हटलं, "तू बेसूर नाय. पट्टी माझी होती."

ती नारळ खवत होती. "ह्या माका पयल्याच चवथीक कळलेला."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"पेटी तुमच्या हातात होती."