हरताळाच्या दिवशी विझवलेली भट्टी

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता त्या सकाळी वडील सदरा घालून मोर्च्याला निघायच्या तयारीत होते. लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीला कुणीच जाणार नव्हतं. मी डबा उचलला तसे ते म्हणाले, "आज जाव नको. तुझी ती भट्टी काय पळान जातली?"

"पळणार नाही, भडकेल."

खाडीकाठी नव्यानं उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मी केमिकल इंजिनिअर होतो. मुंबई महाराष्ट्रात यावी असं मलाही वाटत होतंच. पण गिरणीचे साचे थांबवता येतात. कच्चं तेल तापवणाऱ्या भट्टीपाशी मात्र कुणीतरी असावंच लागतं. नाक्यावर माझ्याच शाळेतल्या एकानं मला सगळ्यांदेखत 'फितूर' म्हटलं. मी ऐकून घेतलं आणि शीवपर्यंत चालत गेलो. तिथून कंपनीची गाडी होती.

दुपारी नाफ्थ्याच्या पंपाचं गळती अडवणारं सील फुटलं. नाफ्था पेट्रोलसारखाच, बाहेर पडला की वाफ होते, आणि वारा ती वाफ भट्टीकडेच नेत होता. जोडीचा पंप कधीचा खोलून पडलेला. त्याचे सुटे भाग मागवा म्हणून मी माझ्या वरच्या साहेबाच्या कितीदा कानीकपाळी ओरडलो होतो! फोन केला, तर साहेब जेवायला गेलेला. मग मी कुणाला विचारलं नाही. भट्टी विझवायला लावली, सगळं युनिट बंद केलं. शीव कोळीवाड्यातला आमचा एक ऑपरेटर तोंडाला ओला रुमाल बांधून वाफेत शिरला, व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आला आणि तिथंच ओकला. पण आग लागली नाही. माणसं वाचली.

साहेब आला तो पंपाकडे फिरकलाही नाही. "नेमकं आजच?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी. समोर बसलेला कंपनीचा अधिकारी दादरचा, मराठी माणूस. पण बोलला सगळं इंग्रजीत.

"राहता कुठे?"

"लालबागला."

"वडील चळवळीत आहेत?"

"आहेत."

"मग युनिट बंद करायला कुणी सांगितलं?"

"फुटलेल्या सीलनं," मी मराठीत म्हणालो. "पंप उघडा आणि बघा."

पंप उघडला. सीलचे दोन तुकडे झालेले सगळ्यांनी पाहिले. तरी मी घाई केली असं लिहून द्या, चौकशीवाले म्हणाले. दिलं नाही. मग माझी बदली प्रयोगशाळेत झाली, तेलाचे नमुने तपासायला. आणि ते सुटे भाग? आठवड्याच्या आत विमानानं आले.

इकडे चौकशीच्याच संध्याकाळपर्यंत चाळीत वेगळीच बातमी पोचली होती: यानं हरताळासाठी कारखाना बंद पाडला! मी जिना चढून वर आलो तर गॅलरीत गर्दी. मला 'फितूर' म्हणणाऱ्यानंच माझ्या गळ्यात हार घातला. मी तो ओरबाडून काढला.

"मी हरताळ केला नाही! गळती होती, गळती! माणसं जळाली असती!"

"आता कशाला लपवतोस रे?" तो हसून म्हणाला, आणि सगळे टाळ्या वाजवत राहिले.

वडिलांनी मला खोलीत ओढलं, दार लावलं. "खरांच जळली असती?"

"हो."

"मग बरा केलंस," ते म्हणाले. त्या सगळ्या प्रकारात माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस.

काही वर्षांनी महाराष्ट्र झाला त्या दिवशी चौकशीचा तोच अधिकारी पेढे घेऊन प्रयोगशाळेत आला. आता मराठीत बोलत होता. "आपलं राज्य आलं! घ्या."

"आधी चौकशीत काय चुकलं ते बोला."

"अहो, आजच्या दिवशी कशाला ते?"

त्यानं पुढे केलेला पेढा मी घेतला नाही. तो पुढच्या टेबलाकडे वळला. महिन्याभरात मी राजीनामा देऊन दुसरीकडे लागलो. पुढं भट्ट्या पुष्कळ पेटवल्या, गरज पडली तेव्हा विझवल्याही. त्या अधिकाऱ्याबद्दलचा माझा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.