पात्रात घातलेली अंडी

सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला आणि उंबऱ्यातून हाक आली नाही, तेव्हाच मला कळलं. आमचे हे रोज भोंगा झाला की उंबऱ्यात जाऊन मुलांना हाक मारायचे. मी गॅसवरचा चहा उतरवला आणि मग त्यांच्या खाटेपाशी गेले... ते गेल्यावर श्रद्धांजली वाहायला, पुण्यानुमोदनाला कचेरीतले जुने लोक आले. सगळे म्हणाले, माणूस मोठा हौशी. होताच. त्या हौसेचं काय झालं ते मी सांगते.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. हे जिंतूरला कारकून होते. कुणाकडून तरी जुना डबा कॅमेरा घेतला होता. लोक लग्नाचे फोटो काढतात, हे आमच्या सुमन आणि अशोकला घेऊन गोगलगायीचे, मुंगळ्यांच्या रांगेचे काढायचे. तिघंही मातीत पालथे पडायचे आणि कपडे मी धुवायचे. फोटो निम्मे धुरकट निघायचे. मी विचारलं, "मुंगळ्याचा फोटो कुणाला दाखवायचा?" तर म्हणाले, "मुंगळ्यालाच दाखवू की."

माझं माहेर येलदरीच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर. एका उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही तिकडे गेलो होतो. माझा बाप दर साली टिटवीची अंडी कुठं आहेत ते बघून पाऊस सांगायचा. उंचावर घातली तर पाणी लय, पात्रात घातली तर पाऊस नाही. त्या साली पात्राच्या मधोमध, गोट्यांत चार अंडी होती. "औंदा काय खरं न्हाई," बाप म्हणाला. हे मात्र खूश. कॅमेरा घेऊन मुलांसकट उतरले. काठ आणि ती जागा यांच्या मध्ये एक सखल चर होता, तेव्हा कोरडा. मी काठावरच्या डबक्याशी धुणं धूत होते. टिटवी त्यांच्या डोक्यावर सारखी ओरडत फिरत होती. मला ते ओरडणं बरं वाटेना. तेवढ्यात धरणाचा भोंगा झाला. पाणी सोडायच्या आधी वाजायचा तो.

"वर या!" मी ओरडले.

"आई, पिल्लू आतून टोचायलंय! चोच दिसायलीय!" सुमन तिकडून ओरडली.

बाप शेजारी तंबाखू मळत बसला होता. "येऊ दे की सावकाश. पाणी येणार असतं तर तिनं हितं अंडी घातली असती का? ती काय येडी हाय?"

ह्यांनीही हात वर केला... थांब म्हणून. टिटवीला पावसाचं कळत असेल. धरणाचं तिला कोण सांगणार?

पाणी समोरून आलं नाही. आधी मागचा चर भरला, आवाज न करता. मला दिसलं, त्यांची पाठ होती. मग हे धावले. सुमन खांद्यावर, एका हातात अशोक आणि दुसऱ्या हातात कॅमेरा, डोक्याच्या वर धरलेला. चराच्या मध्यावर अशोकचा हात सुटला. कॅमेरा सुटला नाही. बापानं उडी टाकून पोराला केसांना धरलं, मी धुतलेलं लुगडं फेकलं, त्याला धरून दोघं काठाला लागले. पोरगं निळं पडलं होतं, पण वाचलं.

त्या रोलमधला एकच फोटो नीट निघाला. गोट्यांत चार अंडी, एकाला भोक, आणि वरच्या कोपऱ्यात एक काळी ओली रेघ. ती रेघ म्हणजे पाणी. फोटो काढताना ते चरातून वळून अंड्यांपाशी आलेलं होतं. मी म्हटलं, फाडून टाका. ह्यांनी चौकट करून खाटेसमोर लावला. कॅमेऱ्याला परत हात लावला नाही.

तेव्हापासून कसलाही भोंगा वाजला की हे उंबऱ्यात. "सुमन! अशोक!" दोघांनी ओ दिल्याशिवाय आत येत नसत. सुमन नांदेडला नांदायला गेली, अशोक पुण्याला गेला, तरी हाक चालूच. शेजारचे हसायचे. शेवटी मीच आतून ओ द्यायला लागले, दोघांच्या वतीनं दोनदा. नाहीतर चहा गार व्हायचा.

फोटो तिथंच आहे. ती ओली रेघ मला अलीकडं जरा खाली सरकल्यासारखी दिसते. डोळ्यांचा दोष असेल. परवा भोंगा झाला आणि माझ्या तोंडून ओ गेली... दोनदा. अशोक आलेला होता. दचकून म्हणाला, "आई, कुणी हाक मारली?"

"कुणी न्हाई," मी म्हटलं. "चहा घे, गार व्हायलाय."