थोरल्याचं आसन

तोमोनोरी फुकुओकाला एका छापखान्यात नोकरीला होता. घरी भांडी तो घासायचा, कपडे तो वाळत घालायचा. छापखान्यातले म्हातारे "काय रे, आज बायकोनं परवानगी दिली का यायची?" असं खिजवायचे, तरी हा हसून सोडून द्यायचा. नवरा-बायको बरोबरीचे, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. लाख माणूस, दुसरं काय म्हणणार!

वडील गेले आणि कागोशिमाकडच्या गावी आई, फुमिए, एकटी पडली. तिथंच राहायला जावं असं त्याच्या मनानं घेतलं. बायको चिझुरु म्हणाली, "येईन. पण आधी ओबोनला जाऊ. त्या घरात तू कोण असतोस, ते बघू दे मला."

ओबोन म्हणजे पितर घरी यायचे दिवस, आणि वडिलांचं हे पहिलंच ओबोन. दुपारी पुरुष बाहेरच्या खोलीत जेवायला बसले, बायका स्वयंपाकघरात. चिझुरुशी ठरल्याप्रमाणे तोमोनोरी ताट उचलून आत निघाला, तोच वडिलांचे धाकटे भाऊ कांजीकाका ओरडले, "अरे ए, तिकडं कुठं? चुलीपाशी काय पुरलंय तुझं? थोरला ना तू? दादा दारात आलेत, त्यांची जागा रिकामी ठेवतोस?"

एका जेवणापुरतं तर बसायचं, उगाच वाद कशाला, असं म्हणून तो देव्हाऱ्यापुढच्या वडिलांच्या आसनावर टेकला. तिथंच त्याचं चुकलं. आसन कोमट होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. बाहेर किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले.

काकांनी त्याच्यापुढे दारूचा पेला भरला. तोमोनोरीच्या घशात खवखवलं, त्यानं खाकरून घसा साफ केला.

"ए! चहा."

आवाज त्याचा नव्हता. जाड, कफानं भरलेला, वडिलांचा होता.

"हुबेहूब दादा!" काकांनी मांडीवर थाप मारली.

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं. फुमिए चहा घेऊन धावतच आली. "आणला हो, आणला," म्हणत तिनं मान खाली घालून पेला ठेवला. मग वर पाहिलं, तर समोर मुलगा. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दारात चिझुरु ओल्या हातांनी उभी होती. तोमोनोरीला माफी मागायची होती. तोंडून निघालं, "उभी काय राहिलीस?"

चिझुरुनं एप्रन सोडून घडी घातली. "चिडले नाही रे मी, तोमो," ती म्हणाली. "घाबरले. जाते मी." आणि बॅग उचलून ती बस गाठायला निघाली.

तो उठायला गेला, पण पाय हलेनात. फुमिए त्याच्या शेजारी बसली. पुरुषांच्या पंगतीत ती त्या घरात कधीच बसली नव्हती.

"ओसाकाला होतो ना, तेव्हा तुझे बाबा माझ्याबरोबर भांडी घासायचे," ती हळूच म्हणाली. "गाणी म्हणत. मग तुझे आजोबा गेले, आणि ओबोनला यांना इथं बसवलं."

"मग?"

"मग काय! ते माणूस मला परत दिसलंच नाही."

रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. फुमिएनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून ओढला. "ऊठ रे बाळा, ऊठ! ती गाठेल बस. पळ!"

तोमोनोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याच्या हातानं मात्र आईचे हात झटकले, चहाचा पेला तोंडाला लावून रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला.