तलंग की पाहुणा

माय गेली तेव्हा खुराड्यात चार अर्धवट वाढलेली पिल्लं होती. मोठ्या कोंबड्या आधीच मानमोडीच्या साथीत मेल्या होत्या. ही चार कशी वाचली, कोण जाणे.

मायचं माहेर रिद्धपूरकडचं, महानुभावी. ती मांसाला हात लावत नसे. सासरी सगळे खाणारे, पण कोंबड्या सांभाळायचं काम सून म्हणून तिच्याच अंगावर पडलं. पिल्लं वाढू लागली की ती त्यांच्यापुढे पदर झटकायची. जी दबकून खाली बसली ती तलंग, उद्याची अंडी देणारी. तिला माय 'बाई' म्हणायची. मान वर करून उभा राहिला तो 'पाहुणा'. 'कापायचा' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. घरी सोयरे आले की ती एवढंच म्हणे, "तो लाल पाहुणा घेऊन जा," आणि पाठ फिरवून भाकरी थापत बसे.

अंडंही ती खात नसे. माझ्या परीक्षेच्या दिवशी मात्र डब्यात एक उकडलेलं अंडं असायचंच. घरातली पहिली पदवी माझी. अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तिला त्या डब्यांबद्दल बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बायायनं देल्लं. मी कोण देणारी?"

तेरवी झाली, सोयरे गेले. मी रजा वाढवून थांबले. मला रडू येत नव्हतं. भांडी घासायची, चहा ठेवायचा, एवढं होत होतं. वावर ठेक्यानं दिलेलं, त्यामुळे बाबांना काम नव्हतं. सकाळी उठून ते खुराडं उघडत, मग दिवसभर ओट्यावर बसून राहत.

एकदा तिथूनच म्हणाले, "यायच्यात एक जरी तलंग असली तं ठेवतो. सगळे पाहुणेच निंघाले तं वाटून देतो अन् खुराडं मोडतो. नर पोसून काय करू?"

खुराडं मोडल्यावर ते सकाळी कशासाठी उठतील, हे मला कळेना. मी पिल्लं निरखू लागले. तिघांचे तुरे लाल, पाय जाड, मानेवरची पिसं टोकदार. शंकाच नव्हती. चौथं करडं होतं. तुरा फिकट, पाय बारीक, पिसांची टोकं गोल. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकून पाहिला, तर चारही पिल्लं पळून बोरीखाली गेली.

शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "करडी तलंगच हाय, भाऊ. चाल पाहा ना, नव्या सुनेवानी."

"वयनी, नवी सून कशी चालते तुमाले काय माईत? तुमी तं आल्या दिवसापासून धावूनच राह्यल्या."

"धावून राह्यली म्हणून चहा गरम हाय. प्या."

तिन्ही पाहुणे वाटले गेले. बाबा करडीला ज्वारीच्या कण्या टाकू लागले. खुराड्यात अंड्यासाठी त्यांनी गवताची चुंबळही करून ठेवली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी चहा उतरवत होते. अंगणातून फाटका, मधेच तुटलेला आवाज आला. गंजलं दार उघडावं तसा. मग पुन्हा आला. करडं पिल्लू दगडावर उभं राहून आरवत होतं.

मी गाळणी हातात धरूनच दारात आले. बाबा ओट्यावर होते; ते काय बोलतात याची मी वाट पाहत होते.

कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमची सून आरवून राह्यली ना."

बाबा हसले नाहीत. "पाहुणा हाय," म्हणाले. त्याच्यापुढे मूठभर कण्या टाकल्या. मग मलाच विचारल्यासारखं बोलले, "पाहुण्याले जाय म्हणता येते काय?"

गवताची चुंबळ तशीच राहिली. खुराडं मोडायचं कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळच्या एसटीनं मी निघाले. बाबा फाट्यापर्यंत पिशवी घेऊन आले. ऊन उतरू लागलं तसे सारखे मागे पाहत होते.

"सांजच्याले खुराडं लावा लागते," म्हणाले. एसटी यायच्या आधीच पिशवी माझ्या पायाशी ठेवून ते परत फिरले.