आत्याच्या अभंगांखालचं नाव

आज बायकोने तिच्या भावासाठी सांगितलेलं पत्र मी लिहून दिलं आणि कचेरीच्या सवयीने खाली माझीच सही ठोकली. ओल्या शाईच्या वासाबरोबर आमची द्वारकाआत्या आठवली.

आत्या विधवा होऊन डभोईहून आमच्याकडे बडोद्याला आली. महाराजांच्या राज्यात बायकांसाठी वर्ग निघाले होते. तिथे ती चाळिशीत अक्षरं शिकली आणि दळताना सुचलेले अभंग वहीत उतरवू लागली. मी तेव्हा नवा कारकून, कागदांच्या नकला करण्यात पटाईत. एका दुपारी तिला न विचारता मी अख्खी वही सुवाच्य अक्षरांत उतरवली आणि अभंगाला कर्ता हवाच म्हणून प्रत्येकाच्या शेवटी ‘द्वारका म्हणे’ घातलं.

आत्याने पिठाच्या हातांनीच कागद घेतले. शेवटच्या ‘द्वारका म्हणे’वर बोट ठेवलं.

“हे माझे नाहीत रे बाबा. मला आतून कुणी सांगतं, मी नुसती ऐकते. आता तो सांगणारा रुसला तर?”

मी चक्क हसलो होतो. त्यानंतर तिने वहीत एकही ओळ लिहिली नाही. ती गेल्यावर, तिच्याच इच्छेप्रमाणे, वही आणि माझे कागद विश्वामित्री नदीत सोडले.

आज त्यातली एखादी ओळ आठवावी म्हणून जीव कासावीस झाला. पण उतरवताना मी ते वाचलं कुठे होतं!

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “मला येतात सगळे. जात्यावर आम्ही दोघी म्हणायचो. म्हणून दाखवते, पण आधी हातातली लेखणी खाली ठेवा.”