फकिराचे सहाशे बारा प्रश्न

“माह्या हाताले सारं येते, तोंडाले येत नाही.”

फकिरा नागपुरे हे वाक्य लग्नाच्या पंगतीत म्हणायचा, चहाच्या टपरीवर म्हणायचा, डॉक्टरपुढेही म्हणायचा. नवख्या माणसाला ती थट्टा वाटे. थट्टा नव्हती. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत त्याने बावीस वर्षं दगडाला भोकं पाडली. ड्रिल खांद्याला टेकवलं की दगड कुठे मऊ आहे आणि कुठे दगा देणार आहे, ते त्याला मनगटातून कळे. छताला सब्बल, म्हणजे पहार, ठोकून तो आवाजावरून सांगे, इथं उभं राहा, तिथं राहू नका. मात्र तेच कोणी खुर्चीत बसून, पुढे कागद ठेवून विचारलं, की त्याची जीभ टाळूला चिकटे.

फकिरा माझ्या मावसबहिणीचा, शेवंताबाईचा, नवरा. मी जवळच्या हट्टा गावाहून सायकलने त्यांच्याकडे जात असे, म्हणून हे सारं मला ठाऊक आहे.

सन दोन हजार तीनच्या पावसाळ्यात त्याची बोटं पांढरी पडू लागली. ड्रिलच्या थरथरीने रक्त पुढे जात नाही, असं डॉक्टरने सांगितलं. सकाळी चहाची कपबशी त्याला दोन्ही तळव्यांत धरावी लागे. नव्या वर्षापासून फकिराला ड्रिलवर ठेवता येणार नाही, हे ठेकेदाराने स्वच्छ सांगून टाकलं. आता एकच वाट उरली होती, मेट होण्याची. मेट म्हणजे टोळीच्या आधी आत जाऊन जागा तपासणारा माणूस. त्याला ड्रिल धरावं लागत नाही, पण नियम तोंडपाठ लागतात, आणि ते साहेबांसमोर बोलून दाखवावे लागतात. फकिरा दोनदा नापास झाला होता. तिसरी परीक्षा बारा डिसेंबरला होती. ती गेली तर कामही जाणार होतं आणि कामामुळे मिळालेल्या दोन खोल्याही.

पोळ्याच्या पाठोपाठ शेवंताबाईचा भाऊ अनुराग नागपूरहून आला. त्याच्या कचेरीने टाकून दिलेला एक संगणक त्याने स्टेशनावरून ऑटोत घालून आणला होता. त्यात एक प्रोग्राम होता, पाठांतराचा. यंत्र प्रश्न दाखवतं. आपण मनात उत्तर द्यायचं, मग कळ दाबून खालचं खरं उत्तर उघडायचं, आणि शून्यापासून पाचापर्यंत स्वतःला गुण द्यायचे. कच्चं असेल ते यंत्र उद्या विचारतं, पक्कं असेल ते महिन्याने, त्याहून पक्कं असेल तर वर्षाने. विसरायच्या बेतात असताना बरोबर समोर आणतं. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून अनुरागने नियमांचं हिंदी पुस्तक इंग्रजी अक्षरांत टाईप करून आत घातलं होतं, म्हणजे फकिराला आधी अक्षर लावायचं, मग शब्द, मग अर्थ. थोडं वाचायचं, त्यातून स्वतः प्रश्न कापून काढायचे, बाकीचं तसंच सोडून दुसरीकडे जायचं. पुढे केव्हातरी यंत्र राहिलेलं पान पुन्हा आणून देणार.

फकिराला हे पटलंच नाही. खाणीत पहिल्या दिवशी शिकवतात, जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. तळाशी न उडालेली सुरुंगाची दारू राहिलेली असते. जुनं भोक दिसलं की त्याला सोडून, बाजूला सरकून नवं पाडायचं. बावीस वर्षं तो नियम पाळला म्हणून त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. आणि हा मेहुणा सांगत होता की अर्धं सोडा, मग त्याच भोकात परत या, आणि परत या.

तरीही तो बसला. पहाटे पाचला वीज येई, आठला जाई. त्या तीन तासांत तो अक्षरं लावी, रोज दहा-पंधरा प्रश्न काढी, त्यांना गुण देई. यंत्र सांगे, आजचं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, आजचं झालं. जुना एकही प्रश्न परत येईना. फकिरा खूश होता. त्याला वाटलं, यंत्राच्या मते आपल्याला येतंय.

त्याच्याच टोळीतला प्रेमलाल टपरीवर चिडवायचा, “फकिरा, डबा तुले शिकवून राह्यला का तू डब्याले?” प्रेमलालही त्याच परीक्षेला बसणार होता, आणि एका फाटक्या वहीवर घोकत होता.

दिवाळी झाल्यावर शेवंताबाईने सहज पुस्तक हातात घेऊन त्याला पहिल्या पानावरचं विचारलं. काही आठवेना. दुसऱ्या पानावरचं नाही, तिसऱ्याही नाही. तिने बालाघाटहून घनश्यामला बोलावलं. तो टीव्ही-रेडिओ दुरुस्त करता करता संगणकावर आला होता. त्याने डबा उघडला आणि नाण्याएवढा एक सेल काढून दाखवला.

“दादा, इसका सेल मर गया है. लाइट जाती है तो ये सब भूल जाता है. हर सुबह इसके लिए एक जनवरी अट्ठानबे है.”

म्हणजे दोन महिने यंत्राच्या लेखी उद्या उजाडलाच नव्हता, आणि जे उद्या विचारायचं ते उद्यावरच राहिलं. घनश्यामने नवा सेल घातला, तारीख बरोबर केली आणि प्रोग्राम उघडला. पडद्यावर आकडा आला, सहाशे बारा. इतके प्रश्न आजच विचारायचे होते.

फकिराने बूथवरून अनुरागला फोन लावला. अनुरागने समजावलं की सगळे एकदम करू नका, रोज पन्नास करा, आणि गुण मात्र खरे द्या. हे चालवायला शिकण्यातच आपलं एक वर्ष गेलं होतं, हेही त्याने कबूल केलं. पुढे मीही त्याला विचारलं, की हे इतकं अवघड का. तो म्हणाला, ते माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतं म्हणून. गुरुजी चेहरा पाहून ओळखतात, त्याला चेहरा दिसत नाही.

स्वतःला शून्य कसं द्यायचं, हे फकिराला कोणी शिकवलं नव्हतं. आणि प्रश्न पाहिला की त्याच्या हाताला खरंच ते येत असे. छत कसं तपासावं? हाताला येतं. सुरुंगाची वात कशी कापावी? हाताला येतं. तो पाच दाबी. सहाशे बाराचे चारशे झाले, मग दीडशे. बारा-तेरा दिवसांत पाटी कोरी झाली. शेवंताबाईने त्या दिवशी सुवारी, सणाला तळतात ती पुरी, केली.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा त्याने शेवटची उजळणी करायला यंत्र सुरू केलं. यंत्राजवळ विचारायला काहीच नव्हतं. त्याने एक प्रश्न शोधून काढला, त्याच्या कडेचं बारीक लिहिलेलं बोट ठेवून वाचलं, आणि बायकोला हाक मारली.

“शेवंते, हे पुन्हा कधी इचारन ते इथं लिवलं हाय.”

“कधी?”

“दोन हजार अकरा. मार्चात.”

“आन परीक्षा?”

“शुक्रवारी.”

यंत्राचा हिशोब चुकला नव्हता. त्याच्या मते या माणसाने अठ्ठ्याण्णव साली एकदा वाचलं आणि सहा वर्षांनी, मध्ये न पाहता, पाचपैकी पाच घेतले. अशा माणसाला आणखी सात वर्षं कशाला त्रास द्यायचा?

“तुमी त्याले काहून सांगतलं येते म्हून?” शेवंताबाईने विचारलं.

“येते ना मले. तुले सांगून दाखवतो.” त्याने हात उचलला. तोंड उघडलं. हात तेवढा हवेत हलला आणि खाली आला.

चार दिवस ती चुलीपाशी बसून पुस्तक वाचत राहिली आणि तो ऐकत राहिला. पुस्तक अर्धंही झालं नाही.

शुक्रवारी बालाघाटच्या एका सरकारी इमारतीत बोलावणं होतं. साहेब भले होते. त्यांनी पहिला प्रश्न छताचा विचारला. फकिराने बोटांच्या पेरांनी टेबल ठोकलं, एकदा पक्कं, एकदा पोकळ. साहेब हसले, म्हणाले बहुत अच्छा. मग त्यांनी विचारलं, ही तपासणी केव्हा केव्हा करायची, कोणाला कळवायची, कशात लिहायची.

पुढचं त्याने मला नंतर एकदाच सांगितलं. “प्रश्न मले दिसला ना भाऊ, पडद्यावर दिसते तसा. मंग मी वाट पाहून राह्यलो, खाली उत्तर उघडन म्हून.”

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हळूच म्हटलं, “ठीक है. अगले को भेज दीजिए.”

शेवंताबाई बाहेर पायरीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती. त्याने सायकलची किल्ली तिच्या हातात दिली. तिला सायकल येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ऑटोवाल्यांच्या मधून वाट काढत तो भरवेलीच्या उलट बाजूला चालू लागला, दोन्ही पंजे काखेत दाबून, जसे थंडीत दाबतात. प्रेमलाल दारात उभा होता. आतून त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं, पण तो हलला नाही. तो आणि शेवंताबाई, दोघंही पाहत राहिले, तांदळाच्या पोत्यांचा एक ट्रक आडवा येईपर्यंत.