एकट्याच्या उंचीची फटफटी

माझी फटफटी मला उंच होते, हे साऱ्या गल्लीला दिसत होते. कळले नव्हते ते फक्त मला.

गाडी जुनी घेतलेली. आधीचा मालक सहाफुटी, लांब पल्ल्याचा गडी. गोवा, कारवार, कुठेकुठे भटकून आलेला. त्याने मागे सामानाला पत्र्याचे दोन डबे जोडले होते आणि ओझे पेलावे म्हणून मागच्या चाकाला ताठ, उंच स्प्रिंगा घालून घेतल्या होत्या. डबे मी उतरवले, स्प्रिंगा तशाच राहिल्या. मी हायस्कुलातला गणिताचा मास्तर. प्रार्थनेच्या रांगेत सातवीच्या पोरांत उभा राहिलो तर पाहुण्यांना सापडायचो नाही. गाडी दारात आणली तेव्हा शेजारचे वकील म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुम्ही निदान पाय पाहून गाडी घ्यायची होती." मी त्यांच्याशी बरेच दिवस बोललो नाही. माणसे खरे बोलली की मला राग येतो.

शाळेत मी सायकलने जात असे. फटफटी दोघांची, रविवारची आणि सुट्टीची. बायको एका बाजूला पाय सोडून बसायची, पदर खोचायची आणि माझ्या खांद्यावर दोन बोटे टेकवून म्हणायची, "हं, चला." त्याशिवाय क्लच सोडायचा नाही, असा नियम. नियमाला कारण घडले होते. एकदा पन्हाळ्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो आणि ती बसली असे समजून मी एकटाच निघालो. मैलभर तिच्याशी बोलत गेलो. उत्तर येईना, तेव्हा मागे पाहिले. घाईने गाडी वळवताना पाय टेकायला गेलो तो पडलोच, पण ते मी रस्त्यातल्या खडीच्या नावावर घातले. ती चहावाल्याच्या बाकावर बसून शेंगा खात होती. "काय बोललात एवढं? परत सांगा आता," म्हणाली.

घरात ती मितभाषी. गाडीवर बसली की मात्र तिला कंठ फुटायचा. वाऱ्यात तिचे निम्मे शब्द उडून जायचे, उरलेल्या निम्म्यांवर आमचा संसार चालला. मूलबाळ नव्हते. सांगायच्या गोष्टी ती रविवारसाठी साठवून ठेवत असावी.

एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली. रिकामे घर खायला उठते म्हणतात, ते खोटे आहे. घर काहीच करत नाही. मी संध्याकाळी कुलूप काढायचो तेव्हा सकाळी ठेवलेली कपबशी तिथेच असायची, आणि मला तिचा भयंकर राग यायचा. कपबशीचाही आणि जी गेली तिचाही.

पाऊस सरल्यावर गाडी बाहेर काढली. फाटकातच आडवा झालो. पुढच्या रविवारी दसरा चौकात, भर गर्दीत. थांबलो, पाय खाली सोडला, तर जमीन होती तिथे नव्हतीच. इतकी वर्षे टेकणारे पाय आता टेकेनात. मला वाटले, वय झाले. दुःखाने माणूस आक्रसत असेल. गल्लीतले उंटावरचे शहाणे सल्ले द्यायला जमलेच. "विकून टाका सर, एकट्याला कशाला हवी?" मी विकायला तयार नव्हतो. तिचा आवाज मला घरात आठवत नसे, त्या सीटवर बसले की आठवे. गाडी गेली असती तर तोही गेला असता.

दिवाळी आली. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी करायची नव्हती, पण गडहिंग्लजला सासूबाई एकट्या होत्या. त्यांना सगळे आव्वा म्हणत. कोल्हापुरातल्या एकाच अडत्याकडचा गूळ त्यांना लागायचा आणि बायको दर दिवाळीला त्याचे दोन रवे, म्हणजे भल्यामोठ्या ढेपा, एस.टी.तून पाठवायची. म्हटले, यंदा आपणच नेऊ. अडत्याच्या हमालाने दोन्ही ढेपा बारदानात गुंडाळून तिच्या जागेवर घट्ट बांधून दिल्या.

आणि काय सांगू, त्या दिवशी पाय टेकले! कागलला टेकले, निपाणीच्या नाक्यावर तंबाखूच्या वासात थांबलो तिथे टेकले, संकेश्वरला म्हशी आडव्या आल्या तिथेही टेकले. मी खूश झालो. म्हटले, सवय गेली होती, परत आली. जन्मभर पोरांना सांगत आलो की आधी पुरावा द्या, मग उत्तर लिहा. स्वतः मात्र बेधडक उत्तर लिहून मोकळा झालो.

"आमच्या गावात गूळ मिळंना झालाय व्हय, पावणं?" आव्वा दारातच म्हणाल्या. मग ढेपेवर हात ठेवून खूप रडल्या. मी शेजारी बसून राहिलो. मला रडायला आले नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. आव्वा ओसरीवर उभ्या, शेजारपाजारचेही निरोप द्यायला आलेले. मी रुबाबात गाडीवर बसलो, स्टँड काढला, पाय खाली सोडला आणि सगळ्यांच्या देखत अंगणात गाडीसकट कोसळलो.

"लागलं का?" आव्वांनी विचारले.

"नाही. काल तर टेकत होते हो पाय!"

आव्वांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "काल मागं गूळ हुता की," त्या म्हणाल्या.

मी तिथेच मातीत बसून राहिलो. ती बसली की स्प्रिंगा दबायच्या, गाडी बोटभर खाली यायची आणि माझे पाय जमिनीला लागायचे. इतकी वर्षे मी स्वतःच्या पायांवर उभा होतो असे समजत होतो. मग मला रडू आले. आव्वांनी मला रडू दिले आणि घरातून चंदगडच्या तांदळाचे पोते आणवले. "ह्ये बांधा मागं. तिच्याएवढं न्हाय भरायचं, पन घरापतूर पोचवतंय."

कोल्हापुरात परतल्यावर मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री मुसलमान, तीन पिढ्यांचे गॅरेज, आवाज असा की शेजारच्या दुकानातले गिऱ्हाईक दचकावे. "गाडी खाली करून द्या," मी म्हटले.

तो उकिडवा बसून स्प्रिंगा बघत राहिला. "मागं कोन बसनार हाय, सर?"

"का?"

"स्प्रिंगचं दोन येढं कापाय लागत्यात. तुमचं पाय टेकतील, त्याची ग्यारंटी. पन मग मागं मानूस बसलं की टायर मडगार्डाला घासनार. आनि कापल्यालं परत जोडता येत न्हाय. आदीच सांगतो."

"बघून सांगतो," म्हणालो आणि तसाच परत आलो.

मग मी पोते बांधून फिरू लागलो. दर रविवारी तांदळाचे पोते मागे बसवायचे आणि निघायचे. गल्लीतली पोरे विचारायची, "सर, तांदूळ कुठं चालला?" वकील मात्र काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला.

एका रविवारी कळंब्याच्या तलावाकडे जाताना मी बोलू लागलो. शाळेत नवे हेडमास्तर आलेत, परसातला पेरू यंदा धरलाच नाही, असले काहीबाही. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मैलभर गेल्यावर कळले होते की मागे कोणी नाही. या वेळी पहिल्या शब्दापासून माहीत होते. तलावाच्या बांधावर गाडी लावली, पोत्याकडे पाहिले. बारदानाच्या एका भोकातून तांदूळ गळत आला होता आणि मागच्या रस्त्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या. आपण काय करतो आहोत, असे मनात येऊन शरम वाटली. तिच्याशी बोललो याची नव्हे, तिच्या जागी पोते बसवले याची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिस्त्रीकडे गेलो. "कापा," म्हणालो.

त्याची एक पद्धत होती. आधी गिऱ्हाइकाला बसवायचे, टाच जमिनीपासून किती वर राहते ते विटकरीच्या तुकड्याने चाकाच्या पत्र्यावर खुणेने मांडायचे, मग हत्याराला हात घालायचा. मी बसलो, त्याने खूण केली. स्प्रिंगा उतरवल्या, दोन वेढे कापले. मी बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होतो, तरी आवाज आलाच. पुढच्या फोर्कचे पाइप क्लॅम्पमधून थोडे वर सरकवून पुढची बाजूही तेवढीच खाली आणली. तासाभराने त्याने ऐटीत गाडी बाजूच्या स्टँडवर उभी केली आणि चहा मागवला. गाडी झाली होती बुटकी, स्टँड राहिला होता लांब. चहा येईपर्यंत ती ताठ उभी राहिली, जरा विचार केल्यासारखी थांबली आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या चहावर जाऊन पडली. मिस्त्रीने स्टँडला, चहावाल्याला आणि मला एका दमात शिव्या घातल्या. खूप दिवसांनी मी हसलो. मग स्टँडही कापावा लागला.

"आता बसा, सर."

बसलो. दोन्ही पाय टेकले. चवडे नव्हेत, पूर्ण तळवे, टाचांसकट. मागे काही नसताना, माझ्या एकट्याच्या वजनावर. गाडी इतकी स्थिर होती की मला भीती वाटली.

किक मारली, क्लच दाबून गिअर टाकला, क्लच तसाच धरून ठेवला. गाडी धडधडत राहिली. मिस्त्री फडक्याला हात पुसत बघत होता. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला.

"सर, सोडा की आता!" तो ओरडला. "कुनाची वाट बघताय?"

माझा उजवा खांदा थोडा मागे झुकला होता. दोन बोटे टेकायची त्या जागी.

"कोणाची नाही," मी म्हणालो आणि क्लच सोडला.